कॅरिअर बदलला म्हणजे फॉरमॅट बदलला असे नाही

जुना एन्लार्जर विकणारा माणूस बहुधा एकच गोष्ट काढून दाखवतो, ती म्हणजे निगेटिव्ह धरणारा कॅरिअर. हा घातला की पस्तीसची, तो घातला की वन-ट्वेंटीची, असे म्हणत तो दोन पत्रे हातात ठेवतो आणि यंत्र ‘सगळ्या साइझला चालते’ असा निर्वाळा देतो. घेणाराही मग हेड वर-खाली होते का, चाके फिरतात का, दिवा लागतो का एवढे पाहून पैसे मोजतो. घरी आल्यावर पस्तीसची प्रिंट बरी निघते, पण सिक्स बाय सिक्सच्या प्रिंटचे चारही कोपरे फिकट पडतात आणि दोष कागदाला किंवा डेव्हलपरला दिला जातो. माझे म्हणणे असे, की कॅरिअर हा या यंत्रातला सर्वांत कमी महत्त्वाचा आणि सर्वांत सहज करून घेता येणारा भाग आहे. फॉरमॅट ठरतो तो दिव्यापासून लेन्सपर्यंतच्या उजेडाच्या वाटेवर, आणि त्या वाटेवरचा कंडेन्सर, लेन्स व लेन्सबोर्ड हे तीन भाग प्रत्येक आकाराच्या निगेटिव्हसाठी एकत्रच जुळवावे लागतात. जुना एन्लार्जर निवडायचा, तपासायचा आणि लावायचा तो हे धरून.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ हौशी प्रयोगाचा नाही. घरातल्या जुन्या पाकिटांत सहसा एकाच मापाच्या निगेटिव्ह नसतात. भारतात तयार होणाऱ्या आणि घरोघरी दिसणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीने १२० च्या, म्हणजे वन-ट्वेंटीच्याच, फिल्मवर ६×६ सेंटिमीटरच्या चौकोनी निगेटिव्ह काढल्या. त्याहून जुन्या बॉक्स कॅमेऱ्यांच्या निगेटिव्ह सहसा ६×९ असतात. स्टुडिओवाल्यांकडचे यशिका आणि रोलायफ्लेक्स हे दोन भिंगांचे कॅमेरेही ६×६ चेच. पुढच्या पिढीचे सगळे काम पस्तीसवर, म्हणजे २४×३६ मिलिमीटरच्या चौकटीत. आज नव्याने फिल्मकडे वळणारी मुलेही आधी पस्तीस वापरतात आणि मग कुठून तरी वन-ट्वेंटीचा कॅमेरा मिळवतात. म्हणून एकाच एन्लार्जरवर निदान दोन फॉरमॅट नीट चालावेत ही अपेक्षा रास्त आहे. इथे निगेटिव्हच्या लांबी-रुंदीपेक्षा तिचा कर्ण लक्षात ठेवावा, कारण कंडेन्सर आणि लेन्स गोल असतात. पस्तीसचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर. ६×६ ची प्रत्यक्ष चौकट ५६ मिलिमीटरची, म्हणून तिचा कर्ण ७९. ६×७ चा सुमारे ९०, आणि ६×९ चा १०० च्या थोडा पुढे.

आता उजेड कसा जातो ते पाहू. जुन्या कृष्णधवल एन्लार्जरमध्ये दुधी काचेच्या बल्बखाली दोन जाड भिंगे असतात. प्रत्येकाची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, आणि फुगीर बाजू एकमेकींकडे तोंड करून. हाच कंडेन्सर. निगेटिव्हवर भरपूर उजेड पाडणे एवढेच त्याचे काम असते असा समज आहे, पण तो अर्धवट आहे. निगेटिव्हच्या मध्यातून आणि कोपऱ्यातून गेलेले सगळे किरण वळवून लेन्सच्या छिद्रात आणून सोडायचे, हे कंडेन्सरचे खरे काम. कंडेन्सर बल्बची प्रतिमा लेन्सच्या तोंडाशी तयार करतो, आणि म्हणून त्याची जोडी निगेटिव्हच्या मापाशी जितकी असते तितकीच लेन्सच्या फोकल लेंग्थशीही असते. ५० मिलिमीटरची लेन्स निगेटिव्हपासून साधारण ५५ ते ६० मिलिमीटरवर बसते, ८० ची शंभरच्या आसपास. पस्तीसच्या कंडेन्सरखाली ८० ची लेन्स लावली तर किरण तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच एकत्र येतात आणि पुन्हा फाकतात. ८० साठीच्या कंडेन्सरखाली ५० ची लावली तर ते लेन्सपाशी अजून पुरते एकत्र आलेलेच नसतात. दोन्ही चुकांचा परिणाम सारखाच होतो. मधला भाग उजळ राहतो आणि कोपऱ्यांतून आलेला उजेड लेन्सच्या छिद्राबाहेर पडून वाया जातो. पहिल्या प्रकारात त्याच्या जोडीला कंडेन्सरचा व्यासही ७९ मिलिमीटरच्या कर्णाला अपुरा पडू शकतो, आणि तसे झाले तर कोपरे नुसते मंद न होता थेट कापले जातात.

निरनिराळ्या कारखान्यांनी ही अडचण निरनिराळ्या रीतीने सोडवली आहे आणि जुने यंत्र पाहताना आपल्यासमोर कोणती रीत आहे हे आधी ओळखले पाहिजे. अमेरिकन बेसलर २३सी हा ६×९ पर्यंतचा एन्लार्जर. त्यात कंडेन्सर बदलावा लागत नाही, कंडेन्सरचा मजलाच वर-खाली सरकतो. लहान निगेटिव्हला वर, मोठीला खाली, आणि त्याच्या खुणा बाजूला कोरलेल्या असतात. ओमेगा डी२ हा ४×५ इंचांपर्यंतचा. त्यात फॉरमॅटप्रमाणे कंडेन्सरची भिंगे बदलतात आणि लेन्सही निरनिराळ्या उंचीच्या शंकूवर बसतात. इटलीचा डर्स्ट आणि चेक मेओप्टा या आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या यंत्रांत साधारणपणे कंडेन्सर काढून दुसरा घालायची सोय असते. डर्स्टचा एम६०५ आणि मेओप्टाचा ओपेमस ६ हे दोन्ही ६×६ पर्यंतचे. पस्तीसचाच म्हणून बनवलेला लायट्झचा फोकोमॅट व्ही३५ उत्तम यंत्र आहे, पण त्याला वन-ट्वेंटीवर न्यायचा विचार सोडून द्यावा. नावाच्या पट्टीवरून यंत्राची कमाल मर्यादा कळते. समोरच्या नगावर ती गाठता येईल की नाही, हे त्याच्याबरोबर कोणते सुटे भाग उरले आहेत यावर ठरते, आणि बहुतेक सौदे इथेच फसतात. सरकत्या मजल्याचे यंत्र असेल तर गहाळ व्हायला फारसे काही नसते. बदलत्या कंडेन्सरच्या यंत्रात मात्र हेड उघडून आत कोणती जोडी आहे ते पाहिल्याशिवाय भाव बोलू नये.

म्हणून भाव करताना मी भागांचा क्रम असा लावीन. सर्वांत वर कंडेन्सर, कारण तो घरी किंवा लेथवर करून घेता येत नाही आणि त्या विशिष्ट यंत्राचा सुटा कंडेन्सर शोधण्यात पूर्ण एन्लार्जरच्या किमतीइतका खर्च होऊ शकतो. दुसरी लेन्स. तीही घरी होत नाही, पण कोणत्याही कारखान्याची चालते, कारण बहुतेक एन्लार्जर लेन्सचा आटा ३९ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या लायकाचा असतो. निकॉनची एल-निक्कोर, श्नायडरची कॉम्पोनॉन, रोडेनस्टॉकची रोडागॉन यांपैकी जी स्वच्छ मिळेल ती घ्यावी. तिसरा लेन्सबोर्ड. जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात लेथवाल्याकडून ३९ च्या आट्याचे भोक पाडून तो करता येतो. भोक मधोमध आणि पत्रा सपाट एवढे सांभाळले की झाले. कॅरिअर सर्वांत शेवटी. तो काळ्या मॅट रंगाच्या जाड पुठ्ठ्यातूनही कापता येतो, दोन पुठ्ठ्यांना कापडी पट्टीची बिजागरी लावता येते. विकणारा ज्या भागावर जोर देतो तो यादीत तळाशी आणि तो ज्याच्याबद्दल चकार शब्द काढत नाही तो शिखरावर, हे ध्यानात ठेवले की सौदा पुष्कळ सोपा होतो. एक अपवाद सांगायला हवा. कॅरिअरबरोबर काचा असतील तर त्याची किंमत वाढते. त्याचे कारण पुढे येईलच.

लेन्सच्या निवडीचा नियम साधा आहे. फोकल लेंग्थ निगेटिव्हच्या कर्णाइतकी किंवा थोडी जास्त हवी. पस्तीसला ५०, ६×६ ला ७५ किंवा ८०, ६×७ ला ९०, ६×९ ला १०५, ४×५ इंचांना १३५ ते १५० मिलिमीटर. ५० ची लेन्स ६×६ वर वापरली तर तिचे प्रतिमावर्तुळ कोपऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. यावर नेहमीचा आक्षेप असा, की मग ८० चीच एक लेन्स घ्यावी, ती दोन्हींना पुरेल. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. प्रकाशशास्त्र उलट त्याच्या बाजूचे आहे. लेन्समधून तिरपा जाणारा उजेड मध्यापेक्षा नेहमीच मंद पडतो. पस्तीसची निगेटिव्ह ५० च्या लेन्सने सातपट वाढवली तर कोपऱ्यांत मध्याच्या मानाने सुमारे चौथा हिस्सा उजेड कमी पोहोचतो, ८० च्या लेन्सने जेमतेम दहावा हिस्सा. अडचण येते ती उंचीची. निगेटिव्हपासून कागदापर्यंतचे अंतर फोकल लेंग्थच्या प्रमाणात वाढते. पस्तीसची लांब बाजू १० इंचांवर न्यायला सुमारे सातपट वाढ लागते. ५० च्या लेन्सला त्यासाठी ४६ सेंटिमीटर पुरतात, ८० च्या लेन्सला ७३ लागतात. १६ इंचांवर जायचे तर ६७ च्या जागी १०७. ६×६ पर्यंतच्या बहुतेक यंत्रांचा कॉलम इतका उंच नसतोच. शिवाय ८० ची लेन्स लावायची तर कंडेन्सरही ८० चाच ठेवायचा, निगेटिव्ह पस्तीसची असली तरी, आणि एक्स्पोजर वाढवायचे. तेव्हा जो माणूस पोस्टकार्ड ते ८×१० पर्यंतच छापणार आहे आणि ज्याचा कॉलम पुरेसा उंच आहे, त्याने एकच चांगली ८० ची लेन्स घेतली तर मी त्याला चूक म्हणणार नाही. बाकीच्यांनी दोन लेन्स घ्याव्यात.

लेन्सबोर्डाचे महत्त्वही याच हिशेबातून कळते. ५० ची लेन्स मोठ्या प्रिंटसाठी निगेटिव्हपासून ५४ मिलिमीटरपर्यंत वर जायला हवी आणि ८० ची लेन्स लहान प्रिंटसाठी ११० च्याही खाली उतरायला हवी. इतका पल्ला पुष्कळ यंत्रांच्या बेलोजला, म्हणजे लेन्सच्या वरच्या घडीच्या भात्याला, एका दमात गाठता येत नाही. म्हणून कारखाने छोट्या लेन्ससाठी आत दबलेला बोर्ड आणि मोठ्या लेन्ससाठी सपाट किंवा बाहेर आलेला बोर्ड देत. विकत घेताना एखादी कुठलीही निगेटिव्ह घालून दोन्ही लेन्सनी, हेड अगदी खाली आणि अगदी वर नेऊन, प्रतिमा नीट टोकदार होते का ते पाहावे. पूर्ण दाबलेल्या बेलोजमध्येही ५० ची प्रतिमा धूसरच राहत असेल तर दबलेला बोर्ड हरवला आहे. बेलोजला बारीक भोके पडली आहेत का, तेही तेव्हाच दिवा लावून आणि खोलीत अंधार करून तपासावे. जुन्या घड्यांच्या कोपऱ्यांत ती हमखास असतात. काळ्या कापडी टेपने ती बुजवता येतात, त्यासाठी सौदा मोडायला नको.

सगळे भाग जमले की उजेडाची कसोटी. ही कसोटी निगेटिव्ह न घालता करायची. निगेटिव्हमध्ये चित्र असते आणि चित्र दोष लपवते. मोकळा कॅरिअर बसवावा, लेन्स नेहमीच्या कामाच्या छिद्रावर, म्हणजे ५० ची एफ ५.६ ते ८ वर आणि ८० ची एफ ८ ते ११ वर ठेवावी. आधी लेन्सच्या तोंडाला पातळ ट्रेसिंग पेपरचा तुकडा लावून पाहावे. त्यावर पडणारे तेजाचे वर्तुळ लेन्सच्या मधोमध असायला हवे. ते एका बाजूला सरकलेले असेल तर हेडमधला बल्बचा दांडा सैल करून बल्ब हलवावा, बहुतेक यंत्रांत तशी सोय असते. मग बेसबोर्डवर कागद ठेवून, करड्या रंगाची मधली छटा येईल इतकेच एक्स्पोजर देऊन तो डेव्हलप करावा. डोळ्यांनी बोर्डवरचा उजेड पाहून निकाल देऊ नये. मध्य ते कोपरा असा हळूहळू पडत जाणारा फरक डोळ्यांना दिसत नाही, कागदाला दिसतो. ही प्रिंट कडक ग्रेडवर काढली तर दोष आणखी उघडा पडतो. इथे एक गफलत टाळावी. बोर्डवर कोपरे काळवंडलेले असतात, पण कागदावर तेच कोपरे फिकट येतात, कारण तिथे उजेड कमी पडलेला असतो. चारही कोपरे सारखे आणि किंचित फिकट असतील तर तो लेन्सचा नैसर्गिक स्वभाव, तो कडांना थोडे जास्त एक्स्पोजर देऊन भरून काढता येतो. चारही कोपरे ठळक फिकट असतील तर कंडेन्सर आणि लेन्सची जोडी चुकली आहे. एकच बाजू फिकट असेल तर बल्ब सरकला आहे. मधोमध काळा डाग आला तर बल्बचे कंडेन्सरपासूनचे अंतर बहुधा चुकले आहे. प्रत्येक फॉरमॅटसाठी ही प्रिंट एकदा काढून, मागे कंडेन्सर, लेन्स आणि छिद्र लिहून जपून ठेवावी.

‘इतका खटाटोप कशाला, कोपरे बर्न करू, म्हणजे त्यांना जास्त एक्स्पोजर देऊ’ असे कोणी म्हणेल. एखाद्या प्रिंटपुरते ते चालते. पण चुकीच्या कंडेन्सरमुळे येणारी घट छिद्राप्रमाणे बदलते. लेन्स जितकी बंद कराल तितकी बल्बच्या प्रतिमेची जागा नेमकी लागते आणि कोपरे अधिक उतरतात. म्हणजे प्रत्येक वेळी बर्न करण्याचा हिशेब नवा. शिवाय आकाशाच्या सपाट भागात हाताने केलेली भरपाई नेहमीच ओळखू येते.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे. कंडेन्सरच्या जागी डिफ्यूजन हेड, म्हणजे रंगीत प्रिंटसाठी बनवलेले कलर हेड घेतले तर ही सगळी जुळवाजुळव टळत नाही का? मोठ्या प्रमाणात टळते, आणि मी तर नव्या माणसाला हेच सुचवीन. कलर हेडमध्ये हॅलोजन दिव्याचा उजेड एका पांढऱ्या मिक्सिंग बॉक्समध्ये इकडेतिकडे उसळून, दुधी अ‍ॅक्रिलिकमधून सगळ्या दिशांनी निगेटिव्हवर येतो. त्याला लेन्सच्या फोकल लेंग्थशी देणेघेणे नसते. ६×६ चा बॉक्स लावून पस्तीसची निगेटिव्ह छापता येते, फक्त एक्स्पोजर वाढते. उलट मात्र चालत नाही. पस्तीसच्या बॉक्सखाली ६×६ ठेवली तर कडा अंधारात राहतात. तेव्हा इथेही निगेटिव्हच्या मापाचा भाग लागतोच, पण दोनऐवजी एका मोठ्या बॉक्सवर भागते. हेडमधल्या पिवळ्या आणि मॅजेंटा फिल्टरनी मल्टिग्रेड कागदाचा कॉन्ट्रास्टही बदलता येतो. शिवाय घरच्या जुन्या निगेटिव्हवर ओरखडे आणि बोटांचे ठसे असायचेच, ते पसरट उजेडात पुष्कळ दबतात, कंडेन्सरच्या उजेडात उठून दिसतात. कंडेन्सरच्या बाजूने एवढेच म्हणता येते, की चांदीच्या निगेटिव्हचा कॉन्ट्रास्ट त्यात साधारण एका ग्रेडने वाढतो आणि एक्स्पोजर कमी लागते. वाढीव कॉन्ट्रास्ट कागदाची ग्रेड बदलूनही मिळतो. बहुतेक कलर हेड १२ व्होल्टच्या दिव्यावर चालतात, त्यामुळे त्यांचा ट्रान्सफॉर्मर बरोबर मिळतो आहे ना, ते मात्र पाहावे.

उजेड सारखा झाला तरी प्रतिमा सगळीकडे टोकदार असेलच असे नाही. त्यासाठी निगेटिव्हचा मजला, लेन्सचा बोर्ड आणि बेसबोर्ड हे तिन्ही एकमेकांना समांतर हवेत. जुन्या यंत्रात ते नसतात असेच धरून चालावे, कारण घर बदलताना, माळ्यावर चढवताना कॉलमला कधी ना कधी धक्का बसलेला असतो. ‘लेन्स बंद केली की सगळे टोकदार होते’ हा यावरचा लोकप्रिय उपाय. हिशेबाने पाहू. निगेटिव्हच्या बाजूची चूक कागदाच्या बाजूला वाढीच्या वर्गाने मोठी होते. सातपट वाढीत निगेटिव्हची एक कड फक्त एक दशांश मिलिमीटर खाली असेल तर कागदापाशी फोकस सुमारे ५ मिलिमीटर सरकतो. प्रिंटवरचा धूसर ठिपका एक दशांश मिलिमीटरपेक्षा मोठा नको अशी अट घातली, तर त्याच वाढीत एफ ८ वर वर-खाली सहा-साडेसहा मिलिमीटरच सूट मिळते. म्हणजे एक दशांशाची चूक जवळजवळ सगळी सूट खाऊन टाकते आणि दोन दशांशांची चूक एफ ८ च्या आवाक्याबाहेर जाते. एफ १६ पर्यंत बंद केले तर सूट दुप्पट होते, पण तेवढ्या बारीक छिद्रातून जाताना उजेडच पसरतो आणि सातपट वाढीत त्याचा ठिपका दीड दशांश मिलिमीटरच्या पुढे जातो. थोडक्यात, बंद केलेली लेन्स लहान प्रिंटमध्ये वाकडेपणा झाकते आणि मोठ्या प्रिंटमध्ये एक कोपरा सुधारण्यासाठी सगळी प्रिंट थोडी मऊ करते.

समांतरता साधायला महागडे साधन लागत नाही. गवंड्याची छोटी पाणसळ बेसबोर्डवर, निगेटिव्हच्या मजल्यावर आणि जमेल तर लेन्सबोर्डवर, दोन्ही दिशांनी ठेवावी. टेबल समतल असण्याची गरज नाही, तिन्ही ठिकाणी बुडबुडा सारखाच सरकला म्हणजे झाले. दशांश मिलिमीटर काही पाणसळीने कळत नाही, म्हणून पुढची कसोटी प्रतिमेवर घ्यावी. पूर्ण काळ्या पडलेल्या फिल्मच्या तुकड्यावर, पस्तीसच्या रोलचे सुरुवातीचे टोक असते तसल्या, सुईने चौकट आणि दोन कर्ण ओरखडावेत आणि ती प्रतिमा लेन्स पूर्ण उघडी ठेवून टाकावी. मग कॅरिअरच्या छिद्राची पडलेली चौकट पट्टीने मोजावी. समोरासमोरच्या बाजू असमान असतील, म्हणजे आयताचा समलंब झाला असेल, तर निगेटिव्हचा मजला बेसबोर्डशी तिरका आहे. आयत शाबूत आहे पण एका बाजूच्या रेषा धूसर आहेत, तर लेन्सबोर्ड तिरका आहे. हा फरक लक्षात आला की चुकीचा स्क्रू पिळण्याचा त्रास वाचतो. (कॅरिअरचे छिद्रच वाकडे कापलेले असू शकते. कॅरिअर उलटा फिरवून पुन्हा मोजले की ते उघड होते.) आधी निगेटिव्हचा मजला सुधारावा, मग लेन्स, उलट क्रमाने केले तर पहिले काम वाया जाते. जिथे स्क्रूची सोय नाही तिथे बोर्डच्या कडेला अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या घड्या सारून भागते. एकच कोपरा धूसर असेल आणि लेन्स आट्यात पाव फेरा फिरवल्यावर तो धूसरपणाही जागा बदलत असेल, तर दोष यंत्राचा नसून लेन्सच्या आतल्या काचा सरकल्याचा आहे. ती लेन्स परत करावी. आणि बोर्ड बदलला की फोकसची ही कसोटी पुन्हा, कारण दोन लेन्सचे दोन बोर्ड सारखेच बसतील याची खात्री नसते.

एवढे करूनही फिल्म स्वतः सपाट नसेल तर सगळे फुकट. पस्तीसची फिल्म अरुंद असते, दोन्ही कडांनी धरली की बहुधा पुरेशी ताठ राहते. ६×६ ची फिल्म मधे फुगते, दिव्याच्या उष्णतेने तर फोकस केल्यानंतरही टचकन उलट्या बाजूला वाकते. वर सांगितलेल्या एक-दोन दशांशांचा हिशेब इथे सहज ओलांडला जातो. म्हणून वन-ट्वेंटीला, आणि त्यातही वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवलेल्या जुन्या निगेटिव्हला, काचेचा कॅरिअर हवा असे माझे मत आहे. धूळ साचायला चार पृष्ठभाग वाढतात हे खरे. ब्लोअर आणि मऊ ब्रश घेऊन त्यासाठी वेळ द्यावा लागतो. दुसरी तक्रार न्यूटनच्या कड्यांची. फिल्मची चकचकीत बाजू काचेला चिकटली की इंद्रधनुषी वर्तुळे उमटतात, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती फार सतावतात. एन्लार्जरमध्ये इमल्शनची बाजू खाली असते, म्हणजे चकचकीत बाजू वरच्या काचेकडे. तेव्हा वरची काच तेवढी अँटी-न्यूटन, किंचित खरबरीत केलेली घ्यावी, खाली साधी स्वच्छ काच चालते. कित्येक कॅरिअरमध्ये वर काच आणि खाली मोकळी चौकट अशी तडजोड असते आणि ती वाईट नाही.

६×९ बद्दल थोडेच सांगायचे आहे. घरात बॉक्स कॅमेऱ्याच्या दहा-वीस निगेटिव्ह आहेत म्हणून ६×९ चा एन्लार्जर शोधू नये. त्या निगेटिव्हची त्या काळी बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट प्रिंटच काढत, म्हणजे कागदावर निगेटिव्ह, वर जाड काच आणि उजेड. आजही तसेच करता येते, आणि एन्लार्जर तिथे निव्वळ दिवा म्हणून कामाला येतो. त्या साध्या कॅमेऱ्यांच्या भिंगात फार मोठ्या वाढीचा दम नसतोच. स्कॅन करून मोकळे व्हावे असे म्हणणाऱ्याशीही माझा वाद नाही. फक्त स्कॅनमध्येही सपाट न झालेली फिल्म धूसरच दिसते.

आता वीज. अमेरिकन यंत्रे ११० ते १२० व्होल्टच्या बल्बसाठी असतात, आपल्याकडे घरात २३० व्होल्ट. होल्डर त्याच मापाचा असेल तर २३० चा बल्ब लावता येतो, पण टायमर आणि ट्रान्सफॉर्मर यांची पट्टी वाचल्याशिवाय प्लग घालू नये. हेडमधली वायर उष्णतेने कडक होऊन तडकलेली असते, ती बदलावी, आणि दोन पिनांचा प्लग असेल तर इलेक्ट्रिशियनकडून धातूच्या अंगाला अर्थिंग करून घ्यावे. ट्रेमधल्या पाण्यात ओला झालेला हात त्याच खोलीत वावरतो. एन्लार्जरचा बल्ब पूर्ण दुधी काचेचा असतो. घरगुती बल्बच्या टोकावर छापलेली अक्षरे कंडेन्सरमधून कागदावर सावली पाडू शकतात. एलइडी लावायचा विचार असेल तर त्याचा उजळ भाग जुन्या बल्बपेक्षा वेगळ्या उंचीवर येतो हे ध्यानात घेऊन उजेडाची कसोटी पुन्हा करावी, आणि मल्टिग्रेड कागदावर प्रत्येक फिल्टरचा कॉन्ट्रास्टही नव्याने पडताळावा, कारण एलइडीच्या पांढऱ्या उजेडातले निळ्या-हिरव्याचे प्रमाण निराळे असते.

लेन्समध्ये मागून टॉर्च मारून पाहिल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर ती लेन्स घेऊ नये, बुरशीने कॉन्ट्रास्ट उतरतो. कंडेन्सरवरची बुरशी तेवढी घातक नसते. भिंगे काढून ती पुसता येते, फक्त कोणते भिंग वरचे आणि फुगीर बाजू कुठे हे काढण्यापूर्वी धातूच्या कड्यावर पेन्सिलीने लिहून ठेवावे. सर्वांत खालच्या सपाट पृष्ठभागावरची धूळ मात्र वारंवार पुसावी. तो निगेटिव्हच्या सर्वांत जवळ असतो आणि लेन्स बंद केली की त्यावरचे कण प्रिंटमध्ये उमटू लागतात. दोन फॉरमॅटच्या यंत्रात एक संच नेहमीच बाहेर पडून राहतो आणि पावसाळ्यात बुरशी धरते ती याच संचावर. म्हणून वापरात नसलेला कंडेन्सर, लेन्स आणि तिचा बोर्ड हे तिन्ही एकाच हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवावेत. चामड्याच्या किंवा कापडाच्या पेटीत ठेवू नयेत. डब्यावर निगेटिव्हचे माप आणि फोकल लेंग्थ लिहून त्या संचाची उजेडाच्या कसोटीची प्रिंटही आतच ठेवावी, आणि जेल ओली झाली की बदलावी.